कोबीचा निकाल

वाटणीच्या वेळच्या भांडणानंतर या घरात एक गोष्ट आपोआप ठरून गेली होती. महत्त्वाचं काही बोलायचं असलं की कोणाच्याही घरी जमायचं नाही. दादाकडे जमलं तर धाकट्याला वाटायचं, आपल्याला बोलावून घेतलंय. धाकट्याकडे जमलं तर वहिनी चहाचा कप उजेडात धरून बघायच्या. आणि ताईकडे जमलं तर दोघे भाऊ तिच्या फळीवरच्या औषधाच्या बाटल्या उघडून "हे कशावर असतं गं?" विचारत बसायचे. म्हणून जमायचं ते गोदामात. तिथे खताच्या गोण्यांवर सगळे सारख्या उंचीवर बसत आणि उठल्यावर सगळ्यांच्या कपड्यांवर मागून सारखाच पांढरा शिक्का उमटलेला असे.

त्या दिवशी ताई सगळ्यांत आधी पोचली. सगळी नोकरी इस्पितळात परिचारिका म्हणून काढल्यावर वेळेआधी पोचायची खोड जात नाही. निवृत्त झाल्यावर तिने आपल्या वाट्याची जमीन स्वतः कसायला घेतली होती. दुकान आणि गोदाम दोघा भावांकडे गेलं होतं, पण अण्णांनी जाण्यापूर्वी दुकानातही लेकीचा एक वाटा ठेवला होता. दोन मुलगे भांडले तर तिसऱ्या कोणाचं तरी ऐकावं लागेल, असा त्यांचा हिशेब असावा. तो आजवर चुकला नव्हता.

पाठोपाठ धाकटा आला. त्याला गोणीशेठ हे नाव ताईनेच लहानपणी ठेवलं होतं. शाळेतून आला की तो अण्णांच्या दुकानात गोण्यांवर झोपायचा आणि उठल्यावर त्याच्या गालावर खताच्या कंपनीचं नाव उलटं उमटलेलं असायचं. पुढे त्याने लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, मग दुकान कोण बघेल? आणि दुकान त्याने बघितलंही असं की आसपासच्या शेतकऱ्यांना खत म्हटलं की त्याचाच चेहरा आठवायचा.

"वजनकाटा साफ केलाय," तो म्हणाला. "नंतर कोणी म्हणायला नको, काट्यात माती होती."

"तू साफ केलास म्हणजे आता म्हणतीलच."

"ताई, तू कोणाच्या बाजूने आहेस?"

"कोबीच्या," ताई म्हणाली.

प्रकरण होतं ते कोबीचंच. दुसऱ्या दिवशी खत कंपनीचा माणूस कराराची सही घ्यायला येणार होता. करार झाला की पुढची काही वर्षं दुकानाने त्याच कंपनीचा माल ठेवायचा आणि ठरल्या तेवढ्या गोण्या उचलायच्याच, मग कोणाच्या मातीला त्या हव्यात की नकोत हा प्रश्न नाही. गोणीशेठला यात काही वावगं वाटत नव्हतं. पण दादाच्या मुलीला वाटत होतं. ती मातीचं शास्त्र शिकून परत आली होती आणि मातीची नाडी बघते म्हणून काकाने तिचं नाव वैद्यबाई ठेवलं होतं. तिचं म्हणणं असं, की गोणीवर नफा कमवायचाच नाही. शेतकऱ्याने वर्षाची वर्गणी भरावी, आपण त्याच्या शेतात मोजणीची यंत्रं लावावीत आणि त्याची माती सांभाळावी. खत लागेल तेवढंच द्यावं, ज्या भावात आणलं त्या भावात. माती सुधारली की तो आपणहून पुढची वर्गणी भरेल. म्हणजे गोणी कमी खपली तरी आपलं पोट भरेल.

"म्हणजे डॉक्टरने औषध विकायचं नाही, माणूस ठणठणीत राहिला की त्याचे पैसे घ्यायचे," असं गोणीशेठ पहिल्यांदा ऐकल्यावर म्हणाला होता. "असा डॉक्टर ताईने तरी पाहिलाय का?"

"पाहिला नाही," ताई तेव्हा म्हणाली होती. "दिसला असता तर मी त्याच्याकडेच नोकरी धरली असती."

दादाने त्यावर "बघू" म्हटलं होतं. दादा प्रत्येक गोष्टीवर बघूच म्हणायचा. मग ताईने आपलं शेत पुढे केलं. अर्ध्या भागात काकाच्या पद्धतीने पोटभर खत. अर्ध्या भागात वैद्यबाईचं शेणखत, पालापाचोळ्याचं आच्छादन, मध्ये एक शेंगांचं पीक घेऊन ते तिथेच गाडून टाकलेलं, आणि वरचं खत फक्त यंत्र मागेल तेव्हा. हा तिसरा हंगाम होता, आणि या वेळच्या कोबीवर निकाल लावायचा, कमी खतात वजन सारखं भरलं तरी वैद्यबाई जिंकली, निकाल लागेल तसं आपलं मत, असा ताईने शब्द दिला होता.

यंत्रं म्हणजे हातभर लांबीच्या नळ्या. त्या मातीत रोवलेल्या असत आणि वरच्या, मधल्या, खालच्या थरात ओल किती, ऊब किती, क्षार किती हे फोनवर कळवत. त्यांचं कंपनीने दिलेलं नाव बरंच भारदस्त होतं. घरात पहिल्या दिवसापासून त्या खुंट्या.

दादा आणि वहिनी आले, मागून वैद्यबाई आली. दोन्ही भागांतल्या सारख्याच लांबीच्या ओळींमधला कोबी आदल्या दिवशी काढून क्रेटमध्ये भरून ठेवला होता. काकाचे निळे क्रेट, तिचे लाल. गोणीशेठने स्वतः एकेक क्रेट काट्यावर चढवला, काटा स्थिर होईपर्यंत श्वास धरला आणि आकडे मोठ्याने वाचले. शेवटचा लाल क्रेट उतरला तेव्हा दोन्ही ढिगांत एका गड्ड्याचाही फरक उरला नव्हता.

"सारखाच म्हणायचा," गोणीशेठ काट्याकडे बघून म्हणाला.

"सारखाच," दादा म्हणाला आणि इतका प्रसन्न हसला की वहिनींनी वळून त्याच्याकडे बघितलं.

ताईला मात्र भाचीचा चेहरा खटकला. जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. वॉर्डात घरी सोडायच्या दिवशी एखादा पेशंट असा दिसायचा, आणि ताई त्याचा ताप पुन्हा मोजायची.

"आत्या, चहा करायला येतेस?" वैद्यबाई म्हणाली.

गोदामामागच्या पडवीत चहाची शेगडी होती. पाणी उकळायला ठेवलं तरी पोरीने साखरेच्या डब्याला हात लावला नाही. तिने फोन काढून आत्यासमोर धरला.

"ही क्षाराची रेघ, खत विरघळलं की तो वाढतो. पाणी दिलं की थोडी चढते, निथळलं की उतरते. हे नेहमीचं. आता इथे बघ."

ताईने चष्मा सारखा केला. रेघ एका ठिकाणी जिना चढावा तशी चढली होती आणि वरच बसून राहिली होती.

"माझ्या भागात कोणीतरी दाणेदार खत फेकलंय," वैद्यबाई म्हणाली. "एका जागी नाही. बांधाकडून सुरुवात करून ओळीओळीने पुढे. मी प्रशिक्षणाला बाहेर गेले होते ना, तेव्हा. आकडे येऊन पडत होते, मी उघडले नाहीत. आज निघायच्या आधी म्हटलं, एकदा सगळं नजरेखालून घालू."

"म्हणजे हा लाल क्रेटमधला कोबी..."

"माझा नाही. गोणीचाच आहे. काकांनी केलंय हे, आत्या. माझा प्रयोग नासवायला."

ताई चहाच्या पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वॉर्डात एक गवंडी होता. त्याची साखर काही केल्या उतरेना. सगळ्यांचा संशय त्याच्या भावावर, कारण दोघांचं पटत नव्हतं. एकदा चादर बदलताना उशीखाली बिस्किटांचे पुडे सापडले. ते ठेवले होते त्याच्या बायकोने. दिवसभर त्याचा हात धरून रडायची ती."

"मग?"

"मग काही नाही. ज्याला पेशंट मरावा असं वाटतं तो त्याला चोरून खायला घालत नाही. तुझ्या काकाला प्रयोग बुडवायचा असता तर त्याने तुझा कोबी उपाशी ठेवला असता. हा तर कोणीतरी मायेने भरवलाय."

वैद्यबाईने फोन खाली केला. "आई?"

"तुझी आई चप्पल मळते म्हणून बांध ओलांडत नाही."

ताईने उकळत्या पाण्यात चहाची पूड टाकली.

"तुझ्या बाबांना डॉक्टरांनी सकाळी फिरायला सांगितलंय, माहीत आहे ना?" ताईने विचारलं.

"कोणत्या डॉक्टरांनी?"

"हे खरं मी विचारायला हवं होतं. तू नव्हतीस तेव्हा रोज फिरत फिरत माझ्याकडे यायचा. म्हणाला, बादली दे, कडेच्या कोबीला पाणी घालतो. मी दिली. वर चहा पाजला. मला वाटलं, उशिरा का होईना, मातीची ओढ लागली माझ्या भावाला." ताईने कपाळाला हात लावला. "आणि कंबर दुखते म्हणाला तर मी त्याला मलम चोळायला दिलं."

पोर उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसली. तिला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. "बाबांना वाटलं, मी हरणार," ती म्हणाली.

ताईच्या तोंडून भलतंच निघालं. "आत तर सगळे मानायला तयार आहेत. हे आपल्या दोघींतच राहिलं तर?"

बोलल्याबरोबर तिला स्वतःचीच लाज वाटली. तापाच्या तक्त्यावर कधी अर्धा अंशही इकडचा तिकडे न करणारी बाई ती. भाचीने मात्र राग मानला नाही.

"आत्या, मी लोकांना काय विकणार आहे?" ती म्हणाली. "खुंटी जे सांगते तेच मी सांगीन, एवढंच ना. ते पहिल्याच वेळी घरात फिरवलं तर बाहेर कोणत्या तोंडाने सांगू?"

ताईने गॅस बंद केला. चहात साखर घालायची राहिली ती राहिलीच.

आत पारडं फिरलं होतं. गोणीशेठ मांडीवर लाल क्रेटमधला गड्डा घेऊन बसला होता. सुरीने त्याचे दोन तुकडे करून तो आतली घट्ट पानं अंगठ्याने दाबून बघत होता.

"मानलं," तो म्हणाला. "मला पटलेलं नाही, पण काट्यापुढे मी बोलत नाही. उद्याच्या माणसाला फोन करून सांगतो, येऊ नकोस."

"ठरवूनच टाकू आज," दादा म्हणाला.

ठरवून टाकू, हे शब्द दादाच्या तोंडून ताईने पहिल्यांदाच ऐकले.

वैद्यबाईने चहाचा ट्रे एका गोणीवर ठेवला. "थांबा, काका. हा निकाल खरा नाही." आणि तिने फोन मध्ये धरून सगळं सांगितलं. रेघ, बांध, ओळी, सगळं. फक्त कोणी केलं एवढं सोडून.

पहिल्यांदा वहिनी बोलल्या. त्या आतापर्यंत दिराच्या बाजूने होत्या. पोरीने खुंट्या सोडून कुठेतरी पगाराची नोकरी धरावी, याबाबत दोघांचं एकमत होतं. ते आता संपलं. "भावोजी, तुमचं पटत नव्हतं तर तोंडावर सांगायचं. पोरीच्या मागे असं करायचं?"

"मी?" गोणीशेठ उभा राहिला. त्याच्या हातातला अर्धा कोबी खाली पडला. "वहिनी, मी हिच्या खुंट्यांना नावं ठेवली, हिला वेड्यात काढलं, ते सगळं तोंडावर. चोरून मी काही करत नाही. आणि माझं खत मी फुकट कशाला टाकीन?"

हा शेवटचा मुद्दा सगळ्यांना पटला. पण तो बसला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता. "तुम्हाला असं वाटलं तरी कसं?" तो म्हणाला, आणि आपल्या या बेरकी भावाला खरोखर लागलंय हे ताईला दिसलं.

दादा वजनकाट्याकडे बघत होता. तो काहीतरी बोलेल म्हणून ताई थांबली. लहानपणीही खिडकीची काच फुटली की दादा असाच दुसरीकडे बघायचा आणि मार धाकट्याला बसायचा. ती आणखी थोडं थांबली. दादा काट्याचा डावा पाय निरखू लागला, तेव्हा ती म्हणाली, "दादा, माझी बादली परत दे."

दादाने रुमाल काढून काट्याचा पाय पुसला.

"देतो," दादा म्हणाला.

"तू?" गोणीशेठला विश्वास बसेना. "तू, दादा?"

"पानं पिवळी पडायला लागली होती," दादा काट्यालाच सांगितल्यासारखं म्हणाला. "रोज जाऊन बघत होतो. खालची पानं, कडेने. तिकडे याचा कोबी हिरवागार. मग एका सकाळी दुकानातून थोडं नेलं. दुसऱ्या सकाळी आणखी थोडं."

"मला फोन करायचा," वैद्यबाई म्हणाली. "पाणी जास्त झालं होतं, बाबा. पाण्याची नळी एक दिवस बंद ठेवली असती तर पानं सुधारली असती."

"तू म्हणाली असतीस, थांबा. मला थांबता आलं नसतं. पिवळं पान दिसलं की गोणी उघडायची, एवढंच मी जन्मभर करत आलोय. दुसरं काही मला येत नाही."

"तुम्हाला वाटलं, मी हरणार."

दादाने मान वर केली. "वाटलं," तो म्हणाला. "आणि तू हरलेली मला बघवली नसती."

वहिनींनी पदराने नाक पुसलं आणि चहाचा घोट घेतला. चहा बिनसाखरेचा निघाला, पण ती वेळ बोलायची नव्हती. वैद्यबाई बापाकडे बघत राहिली. रागवावं तर समोर हा असा, हातात मळलेला रुमाल घेऊन. सोडून द्यावं तर तीन हंगामांची मेहनत एका बादलीत गेलेली. तिने दोन्ही केलं नाही. फोन घेऊन ती काकाशेजारच्या गोणीवर जाऊन बसली. ताईच्या लक्षात आलं, आज पहिल्यांदाच ती आपणहून त्याच्या शेजारी बसली होती.

गोणीशेठच्या डोक्यात वेगळंच चालू होतं. "मला एक सांग, हे त्या खुंटीला कळलं कसं? हा माणूस लहानपणापासून चोऱ्या करतोय, मला एकदाही पकडता आलं नाही."

"वरच्या थरात क्षार चढला की कळतं," ती म्हणाली. "आणि ही खालची रेघ बघा. बाबांनी खत टाकलं, मग पाणी सुटलं, आणि हा सगळा क्षार मुळांच्याही खाली उतरला. त्यांनी आणलेल्यातलं बरंचसं कोबीने खाल्लंच नाही."

"मग गेलं कुठे?"

"खाली. आणि तिथून विहिरीत."

गोणीशेठने फोन जवळ ओढला. मग म्हणाला, "माझ्या भागात पण खुंट्या आहेत?"

"पहिल्या हंगामापासून. तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

तिने त्याचा भाग उघडून दाखवला. प्रत्येक वेळी खत, प्रत्येक वेळी पाणी, आणि प्रत्येक वेळी खालची रेघ वर. गोणीशेठने बोटाने ती रेघ पुढे सरकवली, मागे नेली, पुन्हा पुढे आणली. आपल्या मालाचं असं चित्र त्याने कधी बघितलं नव्हतं. त्याने विकलेली गोणी दुकानाच्या पायरीवरून खाली उतरली की त्याच्या दृष्टीने ती संपायची.

"मी हे जमिनीखाली विकत होतो," तो म्हणाला. कोणी हसलं नाही, म्हणून त्याने पुन्हा दादाकडे मोर्चा वळवला. "सगळ्या ओळींना घातलंस का?"

"नाही. विहिरीकडच्या ओळींपर्यंत जायच्या आत कंबर धरायची."

वैद्यबाईने घाईघाईने फोनवर बोट फिरवलं. विहिरीकडच्या खुंट्यांच्या रेघा सपाट होत्या. त्या ओळींना कोणी हात लावलेला नव्हता. तिथला कोबी अजून भरला नाही म्हणून काढायचाही राहिला होता.

शेत गोदामाच्या मागच्या रस्त्यापलीकडे होतं. सगळे निघाले. वहिनींनी बांधापाशी चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणी आत आल्या, हे या कुटुंबाच्या इतिहासात नोंदवण्यासारखं होतं.

विहिरीकडच्या कोबीचा एक गड्डा गोणीशेठने कापला आणि हातात तोलला. "लहान आहे."

"लहान आहे," वैद्यबाई म्हणाली. "उशिराही आहे. हे मी लपवणार नाही."

गोणीशेठने बांधावरची लोखंडी सळई उचलली. गिऱ्हाइकाच्या शेतात गेला की तो ती मातीत खुपसून बघायचा, काही कळत असो वा नसो. आधी आपल्या भागात खुपसली. सळई वीतभर गेली आणि खडकावर आपटावी तशी थांबली. त्याने सगळं वजन टाकलं तरी ढिम्म हलेना. मग तो विहिरीकडच्या ओळीत आला, आणि वहिनी म्हणाल्या, "द्या इकडे, मी बघते." नवऱ्यावरचा राग कशावर तरी काढायचाच होता. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला, सळई लोण्यात जावी तशी आत गेली आणि तिच्यामागोमाग वहिनीही गुडघ्यांवर आल्या. दादा धावला. वहिनींनी त्याचा हात झिडकारला, पण उठल्या नाहीत. ओंजळीत माती घेऊन त्यांनी ती हुंगली.

"ही आपल्याच शेतातली?" त्यांनी विचारलं. "वन्सं, ही अण्णांच्या वेळेसारखी लागतेय हाताला."

ताईही खाली वाकली. मातीत एक गांडूळ घाईघाईने अंधाराकडे निघालं होतं. रोज इथे वावरूनही तिने या कोपऱ्यात कधी हात घातला नव्हता. तिने कोबी बघितला होता. माती बघायची राहून गेली होती.

"मी म्हटलं होतं, निकालाप्रमाणे मत देईन," उठत ती म्हणाली. "निकाल लागलेला नाही. तेव्हा माझं मत आज कोणालाच नाही. शेत मात्र आणखी एका हंगामासाठी तुझं, वैद्यबाई."

"पण कंपनीचा माणूस उद्या येतोय," वैद्यबाई म्हणाली आणि काकाकडे बघितलं. सही त्याची होती. सही झाली की तिच्या हंगामाला काही अर्थ उरणार नव्हता.

गोणीशेठ सळई पुसत होता. गरज नव्हती इतकी त्याने ती पुसली.

"तुला धंदा कळत नाही," शेवटी तो म्हणाला. "माझा कोबी लहान आहे असं सांगून वर्गणी मागणार तू. उपाशी मरशील." त्याने सळई खाली ठेवली. "पण माझी वेगळीच पंचाईत झाली आहे. उद्या सही केली तर त्या सगळ्या गोण्या मला खपवाव्या लागतील. आणि गिऱ्हाईक मला नेहमी विचारतं, शेठ, एवढं टाकलं ते गेलं कुठे? आजवर मी सांगायचो, कमी पडलं असेल, आणखी टाका. आता तसं सांगताना मला ती रेघ दिसणार. माझी जीभ अडखळणार. आणि अडखळत माल विकायचा म्हणजे माझी या धंद्यातली अब्रू काय राहिली?"

"म्हणजे?" वहिनींनी विचारलं.

"म्हणजे सही नाही. सुटा माल घेऊ, लागेल तेवढा. भावात सूट मिळणार नाही, वर्ष ओढाताणीचं जाईल. वहिनी, तुम्ही मला बोल लावाल."

"लावीन," वहिनी म्हणाल्या. "पण मघाशी उगाच लावला, तो यातून वजा करा."

"आणि दादाला एकट्याला शेतात सोडायचं नाही," गोणीशेठ म्हणाला. "ही माझी अट."

"त्यांना एकटं सोडणारच नाही," वैद्यबाई म्हणाली. ती बापाकडे वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा राग पुरता गेला नव्हता, पण तिचं तिलाच काहीतरी ठरलेलं दिसत होतं. "बाबा, उद्यापासून सकाळी माझ्याबरोबर यायचं. पिवळं पान माझ्या आधी तुम्हाला दिसतं, एवढं तर कळलं. दिसलं की मला दाखवायचं, मग दोघांनी मिळून खुंटी बघायची. खिसे मात्र मी रोज तपासणार."

दादाने मुकाट्याने खिशात हात घालून दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. एकातून खताचे चार-पाच पांढरे दाणे खाली पडले. ते बघून पोरीला अखेर हसू आलं, आणि ती हसली म्हणून दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दिसू नये म्हणून तो दाणे वेचायला खाली वाकला आणि त्याची कंबर पुन्हा धरली.

त्याला धरून सगळे गोदामात परतले, तर दारात बटाटेवाला शेतकरी उभा होता. जुनं गिऱ्हाईक. त्याने नेहमीप्रमाणे आतल्या थप्पीकडे बोट केलं. "शेठ, गोण्या काढा. गाडी आणलीय."

गोणीशेठ सवयीने थप्पीकडे निघाला. अर्ध्या वाटेत थांबला. वळला.

"कशाला हव्यात?" त्याने विचारलं.

बटाटेवाल्याला प्रश्न कळेना. "माल संपलाय का?"

"भरपूर आहे. पण तुझ्या मातीला हव्यात का?"

"तिला कोण विचारतं?"

"आम्ही विचारणार," गोणीशेठ म्हणाला आणि पुतणीच्या पिशवीतून एक खुंटी ओढून त्याच्यापुढे अशी धरली, जणू या धंद्यात त्याचे केस पांढरे झाले होते. "ही तुझ्या रानात लावायची. ती मागेल तेवढंच खत, आम्ही आणतो त्या भावात. तू वर्षाची फक्त वर्गणी भरायची. टाकलेलं खत कुठे जातं ते तुला घरबसल्या फोनवर दिसेल. माझ्या सख्ख्या भावाचं दिसलं, तुझं का नाही दिसणार?"

बटाटेवाल्याने खुंटी हातात घेऊन उलटसुलट केली. मग हळूच ताईकडे सरकून विचारलं, "शेठची तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम आहे," ताई म्हणाली. "त्याला सवय नाही, म्हणून तसा दिसतोय."

"बरं, वर्गणी किती?" बटाटेवाल्याने विचारलं.

गोणीशेठने वैद्यबाईकडे बघितलं. वैद्यबाईने काकाकडे. तीन हंगाम या गोष्टीवर भांडून झालं होतं, पण हे कोणी ठरवलंच नव्हतं. मग दोघं एकदम बोलले, आणि दोघांचे आकडे वेगळे निघाले. दादाने तिसरा सांगितला. वहिनी म्हणाल्या, एवढ्यात काय घर चालतंय, आणि चौथा सांगितला. गोणीशेठ म्हणाला, पहिल्या गिऱ्हाइकासमोर असं बोलतात का, आणि स्वतःच आणखी मोठ्याने बोलू लागला.

बटाटेवाल्याने थोडा वेळ सगळ्यांची तोंडं बघितली. हे लवकर आटपणारं दिसत नव्हतं. त्याने जवळची एक गोणी हाताने झटकली, तिच्यावर ऐसपैस बसला आणि ताईने पुढे केलेला बिनसाखरेचा चहा घेतला.